खोपटवालीने ठेवलेली जागा

साक्षात विठोबा जरी समोर येऊन उभा राहिला, तरी ‘देवा, कमरेवरचे हात खाली घ्या, खांदे सैल सोडा आणि इकडे बघा’ असं सांगून मगच बटण दाबेल, अशी एकच फोटोग्राफर या पृथ्वीवर आहे आणि ती ठाण्यात, खोपटला राहते. मी मैत्रीपोटी वाढवून सांगतेय असं ज्याला वाटत असेल, त्याने खुशाल एस.टी. डेपोसमोरच्या गल्लीत जावं. तिथे तिच्या वडिलांचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसावं. ती तुमची हनुवटी दोन बोटांनी धरून वळवेल, कॉलर बसवेल, केसांतून स्वतःचा कंगवा फिरवेल, आणि तुमची मुरबाडची गाडी लागली असेल तर कंडक्टरला थांबायला सांगून येईल, पण वाकड्या मानेचा फोटो देणार नाही. पुढाऱ्यालाही नाही आणि पोलिसालाही नाही.

या बाईबरोबर मी एक अख्खा उन्हाळा इटलीत, एका खोलीत काढलाय. ठाण्यातल्या आमच्या कला महाविद्यालयाने तिकडच्या एका शाळेशी ठरवलेलं, की काही मुलांनी सुट्टीत तिकडे जाऊन चित्रकला आणि फोटोग्राफी शिकायची. निवडीसाठी प्रत्येकाने एक फोटो द्यायचा होता. मी नौपाड्यातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर पडलेल्या सावलीचा दिला. सावली कशाची, हे मलाही सांगता आलं नसतं, पण आम्हा डोंबिवलीकरांना न कळणाऱ्या गोष्टींबद्दल आदर असतो. तिने कोलशेतच्या एका हळदीतला ग्रुप फोटो दिला. मांडवभर माणसं, पिवळी, घामाने डबडबलेली, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत, आणि त्यात एकाचाही चेहरा दुसऱ्याच्या मागे गेलेला नव्हता. निवड करणाऱ्या मॅडम तो फोटो बघत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, की हे कसं केलं ते मला कळत नाहीये, म्हणजे हिला पाठवायलाच हवं.

विमानतळावर भेटल्या भेटल्या तिने मला ‘डोंबिवली’ म्हणायला सुरुवात केली. नाव सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. तिच्या स्टुडिओत फोटोंची पाकिटं गावाच्या नावाने लावलेली असतात, शहापूर, भिवंडी, मुरबाड, तेव्हा माणसाला गावाच्या नावाने हाक मारणं हेच तिला सरळ वाटतं. मीही मग तिला ‘खोपट’ म्हणायला लागले. तिकडच्या लोकांना ही आमची पाळण्यातली नावं वाटायची आणि ‘कोपात’ला ते फार प्रेमाने हाक मारायचे.

वर्गात पहिल्या दिवशी आमच्या तिकडच्या मास्तरांनी प्रत्येकाच्या बॅगेत कुठल्या लेन्स आहेत ते विचारलं. हिने बॅग उघडली. कॅमेरा, एक लेन्स, कंगवा, पावडरचा डबा, सेफ्टी पिनांचा जुडगा, काजळ, दोन रुमाल आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांच्यासाठी एक तयार गाठीचा टाय. मास्तरांनी टाय उचलून पाहिला आणि परत ठेवला. हाडाचा चांगला माणूस तो, पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा. पण त्याचं एक ब्रीद होतं. फोटो काढताना समोरच्याला कळता कामा नये. कळलं की माणूस माणूस राहत नाही, फोटो होतो, असं तो म्हणायचा. आम्ही सगळ्यांनी हे वहीत लिहून घेतलं. खोपट तेवढी हात वर करून उभी राहिली आणि तिने आपल्या इंग्रजीत विचारलं, की न सांगता काढायचा म्हणजे चोरी नाही का? आमच्याकडे असा फोटो काढला तर मार पडतो. मास्तर हसले. ती हसली नाही.

मग पूर्ण उन्हाळा हेच. मास्तर म्हणाले, बाजारात जा आणि तिथलं जगणं टिपा. मी माणसांच्या पाठी टिपून आणल्या. मला पाठी फार छान जमतात, समोरच्याशी बोलावं लागत नाही. खोपटने अख्खा भाजीबाजार उंचीप्रमाणे उभा करून आणला. पुढे बुटके भाजीवाले खाली बसलेले, मागे उंच, मधे चीजवाली बाई मान ताठ करून, सगळे पावडर लावलेले. एकाला तो टायही घातलेला. मास्तरांनी फोटो बाजूला ठेवला आणि म्हणाले, पुन्हा जा. ती पुन्हा गेली आणि जे त्या दिवशी राहिले होते त्यांचा ग्रुप लावून आली.

भाषा तिला येत नव्हती आणि तिने शिकण्याचा प्रयत्नही केला नाही. मी रोज पुस्तक उघडून क्रियापदं पाठ करायचे आणि पाववाल्या बाईसमोर गेले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. ही बिनधास्त मराठीत सुरू. “काका, जरा आत सरका. अजून. अहो पोट आत घ्या ना.” आणि खरं सांगते, काका आत सरकायचे, पोटही घ्यायचे. मी थक्क व्हायचे. तिचं म्हणणं असं, की कॅमेऱ्यामागून माणूस ओरडायला लागला की काय करायचं ते जगात सगळ्यांना कळतं.

संग्रहालयातही तिने आमची लाज काढली. संगमरवरी पुतळे बघून म्हणाली, चांगले आहेत पण एकही सरळ उभा नाही. मात्र एका मोठ्या जुन्या चित्रापुढे ती अशी खिळली, की आमचा घोळका तीन दालनं पुढे गेला तरी ही तिथेच. मध्ये बाळाला मांडीवर घेतलेली देवाची आई, भोवती संत, आणि खाली कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेला एक श्रीमंत माणूस. मास्तरांनी सांगितलं, तो चित्राचे पैसे देणारा व्यापारी, देवाच्या आईनंतर शेकडो वर्षांनी जन्मलेला. खोपट एकदम खूश झाली. “बघ डोंबिवली, याला म्हणतात ग्रुप लावणं. राहिलेल्याला जागा करून बसवलाय.”

इथे तिच्या स्टुडिओची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ग्रुप लावून झाला की तिचे वडील नेहमी विचारतात, “यायचं कोण राहिलंय?” कोणाचा मुलगा आखातात असतो, कोणाची लेक बाळंतपणात अडकलेली असते, कोणाचा बाप वारलेला असतो. वारलेल्यालाही तिथे ‘गेला’ म्हणत नाहीत, ‘यायचा राहिलाय’ असंच म्हणतात. मग त्या माणसाच्या खांद्यांएवढी जागा मोकळी सोडून फोटो काढायचा आणि घरून जुना फोटो मागवून त्याला तिथे बसवायचा. पूर्वी हे काम कात्री आणि ब्रशने चालायचं, आता संगणकावर. पण कसब तेच, सांधा दिसता कामा नये.

तिच्या स्वतःच्या फोनवर असाच एक फोटो होता. एका बाजूला तिचे वडील, दुसऱ्या बाजूला दोन वेण्या घातलेली ही, मध्ये रिकामी खुर्ची. आई ती सातवीत असताना गेली, त्यानंतर काढलेला. शेकडो लोकांचे आईबाप जागच्या जागी बसवणारे तिचे वडील स्वतःच्या बायकोपाशी मात्र अडले. करू, करू म्हणत राहिले. स्टुडिओच्या भिंतीवर तो फोटो तसाच लागलेला आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी काही विचारायच्या आत हीच म्हणाली, “पप्पांचं राहून गेलंय. मी करणारे.”

तो स्टुडिओ हा तिचा जीव. आणि तिकडे त्याच स्टुडिओवर तिच्या चुलतभावाचा डोळा होता. त्याला तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायचं होतं, फळ्यांची मापंही त्याने घेऊन ठेवलेली. फोटोचा धंदा आता कोण मुलीच्या हातात देतं, असं घरातले सगळेच म्हणायचे. शेवटी वडिलांनी तोडगा काढला. तिकडचं सर्टिफिकेट आण, ते भिंतीवर लावू, म्हणजे कोणाला तोंड उघडायला जागा नाही. मग पाटीवर तुझं नाव. तिने निघण्याआधीच भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता.

आणि सर्टिफिकेट कसं मिळणार, तर शेवटी प्रदर्शन भरणार, त्यात प्रत्येकाचा एक फोटो मास्तरांनी निवडून लावायचा. लागला तर सर्टिफिकेट, नाही तर नाही. बाकीच्यांनी धुकं, जिने, उघड्या खिडक्या निवडल्या. मी पाठी. खोपटने जाहीर केलं, की आपण राहतो त्या गल्लीचा ग्रुप लावायचा.

गल्ली म्हणजे चढाची दगडी बोळ. खाली आमची घरमालकीण राहायची, काळ्या झग्यातली म्हातारी. खोपट तिला ‘आजी’ म्हणायची आणि पुढे पुढे ती त्या हाकेला ओ द्यायला लागली. समोरच्या घरात एक म्हातारा. रोज सकाळी आजी दारातून आणि तो खिडकीतून एकमेकांवर मनसोक्त ओरडायचे, त्याच्या कुंडीचं पाणी तिच्या उंबऱ्यावर येतं म्हणून. खोपटने पहिल्याच आठवड्यात निदान केलं, की हे नवरा-बायको आहेत. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, दुसरं कोण इतकं मन लावून भांडेल? मग दोन घरांत का राहतात? “अगं, वैतागून.” मला ते पटलंही. आमच्या सोसायटीत अशी दोन-तीन जोडपी आहेत, फक्त त्यांना दुसरं घर परवडत नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर तिने गल्ली गोळा केली. बाकं आली, खुर्च्या आल्या, पावडरचा डबा फिरला. पाववाल्या बाईच्या नवऱ्याला टाय मिळाला. मधल्या दोन खुर्च्यांवर मानाचं जोडपं बसवायचं, ही तिच्याकडची पद्धत. तिने आजीला एका खुर्चीवर बसवलं, समोरच्या म्हाताऱ्याला दंडाला धरून बोळ ओलांडून आणलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि त्याचा हात उचलून आजीच्या हातावर ठेवला. ज्यांची तोंडं सतत चालायची ती माणसं दगडासारखी उभी. म्हाताऱ्याने हात मागे घेतला आणि तो खाली बघत राहिला.

पाववालीला इंग्रजी येत होतं. तिने माझ्या कानात सांगितलं, की हा तिचा नवरा नव्हे, दीर. घराच्या वाटणीवरून दोघा भावांत फाटलं, ते मिटायच्या आधीच थोरला गेला. भावाच्या मयतालाही हा खिडकीतच उभा राहिला, आणि तेव्हापासून याने ही बोळ ओलांडलेली नाही. मी धावत जाऊन खोपटला सांगितलं, “अगं बाई, दीर आहे तो तिचा!” आणि बाकीचंही सांगितलं. तिच्या जागी मी असते तर कॅमेरा टाकून पळाले असते. ती लाल झाली, खरं आहे, पण हळदीच्या मांडवात वाढलेली पोरगी ती, रुसलेले काका तिने पुष्कळ पाहिलेले. आजीपुढे उकिडवी बसली आणि रीतीप्रमाणे विचारलं, “आजी, यायचं कोण राहिलंय?”

पाववालीने ते त्यांच्या भाषेत केलं, जागा ठेवायची, नंतर फोटो बसवायचा, तेही सांगितलं. आजीने स्वतःच्या आणि दिराच्या खुर्चीमध्ये हात उभा धरला. इथे, म्हणाली. आणि त्या म्हाताऱ्याने कोणी काही सांगायच्या आत उठून आपली खुर्ची सरकवली, एका माणसाएवढी. खोपटने मागे जाऊन सगळ्यांना इकडे बघायला सांगितलं. सगळ्यांनी बघितलं. मला रडू आलं, लपवायचं कारण नाही. त्या ओळीत टोकाला मीही उभी होते आणि त्या फोटोत माझं नाक लाल आहे.

फोटो मास्तरांनी पाहिला आणि ते खुर्चीत बसलेच. म्हणाले, पूर्ण उन्हाळ्यात कोणी असं काम केलेलं नाही. हा मधल्या मोठ्या भिंतीवर लागणार. ती रिकामी जागाच तुझा फोटो आहे, तिला हात लावू नकोस. मी खोपटकडे बघितलं. स्टुडिओच्या पाटीवर मला तिचं नाव दिसायला लागलेलं. आणि ही बाई शांतपणे म्हणाली, की सर, अजून व्हायचाय तो, आजींचा नवरा बसवायचा राहिलाय.

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण दोघंही एकमेकांना मानत होते. मास्तर म्हणाले, जो तिथे नव्हता त्याला दाखवणं म्हणजे खोटं, आणि जोडलेला फोटो आमच्या प्रदर्शनात लागत नाही. तिने संग्रहालयातला व्यापारी काढला, तो होता का देवाच्या आईपाशी? मास्तर म्हणाले, चित्राची गोष्ट वेगळी. तशी ती आहेही. पण खोपट उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आजींनी ती जागा बघायला नाही ठेवलेली. बसवायला ठेवलीय.”

त्या संध्याकाळी मी तिच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, दोन प्रती कर, मास्तरला रिकामी दे, आजीला भरलेली, कोणाला कळतंय? पाटी जाईल, तो तुझा भाऊ कव्हरं टांगेल तिथे. तिने मला वेड्यात काढलं. अगं, सगळी गल्ली येणार प्रदर्शनाला, आजी नवा झगा शिवतेय. तिने भिंतीवर आपल्या नवऱ्याची रिकामी जागा बघायची? आणि लोकांनी वा वा म्हणायचं? “पाटी गेली तर गेली. शब्द दिलाय मी.” एवढं बोलून ती झोपायला नव्हे, कामाला बसली.

आजीने दिलेला फोटो नवऱ्याच्या लग्नातला, पंचविशीतला, दाट केसांचा. मी म्हटलं, निदान केस पांढरे कर, म्हाताऱ्या बायकोशेजारी विचित्र दिसेल. तर म्हणाली, जो जसा राहिला तो तसाच येतो, हे पप्पांचं सांगणं आहे. तिने फक्त त्याची सावली गल्लीतल्या उन्हाप्रमाणे फिरवली. फोटो आजीच्या हातात दिला तेव्हा आजी आधी हसली, मग दारातच बसून रडली, मग परत हसत काहीतरी म्हणाली. पाववालीने सांगितलं, ती म्हणतेय, बघा, मीच एकटी म्हातारी झाले, हा मजेत राहिला. समोरचा म्हातारा बोळ ओलांडून आला, उंबऱ्याबाहेर उभं राहून फोटो नीट बघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कुंडीच्या पाण्यावरून पुन्हा कडाकडा भांडले, त्यामुळे काळजीचं कारण उरलं नाही.

प्रदर्शनात तिच्या नावाची चिठ्ठी लागली, खाली फोटो नव्हता. ती पिवळा कुडता घालून आली आणि सगळ्यांच्या फ्रेमा सरळ करत फिरली. माझ्या पाठींचं कौतुक झालं, मला सर्टिफिकेट मिळालं, आणि ते घेताना मला आयुष्यात इतकं कसंनुसं कधी वाटलं नव्हतं. शेवटी मास्तर तिच्याशी हात मिळवायला आले. तिने हात मिळवला आणि तोच हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी वळवली, मिशीवरून कंगवा फिरवला. मास्तरांनी कॅमेऱ्यात सरळ बघितलं. दोघांपैकी एकालाही आपलं चुकलं असं वाटत नव्हतं, आणि मला ते फार आवडलं.

माझ्या प्रतीत तिने माझ्या शेजारीही एक जागा भरून दिली. मी रोज जिच्याशी फोनवर रडायचे ती माझी आई आता त्या गल्लीत पर्स घेऊन, डोंबिवलीच्या साडीत उभी आहे. आई तो फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि हल्ली तर सांगते, की चढ फार होता.

परत आल्यावर दोन दिवसांनी मी खोपटला गेले. चुलतभाऊ मापाची टेप घेऊन हजर होताच. वडील काउंटरवर तो गल्लीचा फोटो ठेवून, डोळ्याला भिंग लावून बसलेले. कडेकडेने बघत होते, केसांपाशी, खांद्यापाशी, खुर्चीच्या पायापाशी. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पुतण्याला म्हणाले, “पाटीवाल्याला फोन लाव. आणि ती टेप गुंडाळ.” मग मुलीकडे न बघता, भिंतीवरच्या त्या रिकाम्या खुर्चीच्या फोटोकडे बघत म्हणाले, “मला सांधा सापडला नाही. आता हिलाही बसव.”

जगात कोणालाही उत्तर दिल्याशिवाय न राहणारी ही मुलगी. खाली मान घालून म्हणाली, करते.

त्याला आता बरेच महिने झाले. पाटीवर तिचं नाव आहे, लाल अक्षरात, वडिलांच्या नावाखाली. सर्टिफिकेटच्या खिळ्यावर इटलीची गल्ली लागलीय आणि गिऱ्हाइकं विचारतात, लग्न कोणाचं? मी जाते तेव्हा माझी नजर आधी शेजारच्या फोटोवर जाते. वडील, दोन वेण्या, मध्ये रिकामी खुर्ची. सुरुवातीला ती कारणं सांगायची. आईचा फोटो हवा तसा मिळत नाही. उजेड जुळत नाही. एकात हसतेय, एकात मान वाकडी आहे. मी म्हटलं, जो जसा राहिला तो तसाच येतो ना? तर तिने माझ्याकडे पाठ करून पाकिटं लावायला घेतली. आणि मला फार वाईट वाटलं, कारण तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं आणि ते तेवढं मला पाठींच्या फोटोंइतकं सहज जमत नाही.

परवा निघताना ती दारापर्यंत आली. माझी कॉलर नीट केली, केस कानामागे सारले. मग म्हणाली, “डोंबिवली, त्या मास्तराला मेल-बिल करत असशील तर एक कर. ही जागा अजून रिकामीच आहे, हे त्याला कळवू नकोस हं.”